पायथनमध्ये यादी बनते, पण क्रमांक चुकतात: कुठून तपासायला सुरुवात करायची

पॅकहाऊसमधून संध्याकाळी येणारी तक्रार बहुतेक वेळा एका ओळीची असते: "भाऊ, पेट्या २१२ भरल्या, मग यादीत शेवटचा नंबर २१९ कसा?" दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष हंगाम असो, पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याची आवक नोंद असो, नाहीतर कॉलेज रोडवरच्या क्लासमधल्या पोरांचं प्रोजेक्ट असो, पायथन या संगणकभाषेतला कोड वेगळा असतो आणि दुखणं तेच. यादी भरता भरता सोबत एक काउंटर, म्हणजे मोजणीचा आकडा, वाढवत न्यायचा असतो आणि तो कुठेतरी निसटतो. अशा छोट्या स्क्रिप्ट दुरुस्त करणं हे माझं नेहमीचंच काम झालंय. मी ज्या क्रमाने तपासतो, तोच क्रम खाली दिला आहे.

आधी एक सूचना. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत: फॉर, इन, इफ, डेफ, अपेंड, एन्युमरेट. टाइप करताना ते इंग्रजीतच टाकायचे, अंकही इंग्रजीच. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवलेली खरोखर चालतात. फक्त काही कीबोर्ड अर्धा र टाइप करताना मधे एक अदृश्य जोड-अक्षर घुसवतात आणि मग डोळ्यांना शुद्ध दिसणाऱ्या नावावर पायथन सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची तक्रार, देतो. म्हणून "शेतकऱ्यांची_यादी" असं नाव देण्यापेक्षा साधं "यादी" बरं.

लक्षणं

यापैकी तुमचं कोणतं, ते आधी ओळखा.

- शेवटचा क्रमांक यादीतल्या नोंदींपेक्षा मोठा, आणि मधले काही क्रमांक गायब.
- सगळ्या नोंदींवर एकच क्रमांक. कधी सगळीकडे १, कधी सगळीकडे शेवटचाच.
- क्रमांक १, ३, ५, ७ असे एकाआड एक.
- पहिल्यांदा चालवलं तेव्हा बरोबर, दुसऱ्यांदा चालवलं तर सुरुवातच २१३ पासून.
- पहिली यादी ठीक, पण दुसरी यादी सुरू होताना नेमका एक क्रमांक गळालेला.
- स्क्रीनवर यादी दिसली, फाइलमध्ये मात्र काहीच नाही.
- स्क्रिप्ट थांबायचं नावच घेत नाही.
- चालतच नाही: सिंटॅक्स एरर, अनबाउंड लोकल एरर, टाइप एरर.

यांच्यासारखंच दिसणारं एक फसवं लक्षणही आहे. यादीत पेटी-१ नंतर पेटी-१०, मग पेटी-१००, आणि पेटी-२ कुठेतरी खाली. इथे काउंटर निर्दोष आहे. क्रमांक मजकूर म्हणून साठवलाय आणि मजकुराची क्रमवारी अक्षरागणिक लागते, त्यामुळे १० हा २ च्या आधी येतो. क्रमवारी आकड्यावर लावा किंवा झेडफिल वापरून पुढे शून्यं भरा, म्हणजे पेटी-०००२ आपोआप जागेवर येईल. मजकुरातून आकडा काढायला इंट पुरतं, आणि इंटला देवनागरी अंकही कळतात. एक्सेलमध्ये कुणी मराठीत "१२" लिहून ठेवलं असेल तर इंट ते निमूट बारा म्हणून घेतं. तोच १२ थेट कोडमध्ये आकडा म्हणून टाकला तर मात्र एरर.

कोडला हात लावायच्या आधी: तीन आकडे

ही तपासणी फुकट आहे, आणि अर्ध्याहून जास्त भानगडी इथेच कळतात. लूप, म्हणजे दर नोंदीला तेच काम करणाऱ्या फेऱ्या, संपतो त्याच्या खाली तीन आकडे प्रिंट करा: आत आलेल्या नोंदी किती, तयार झालेल्या यादीत नोंदी किती, आणि काउंटरची शेवटची किंमत किती. पहिल्या दोन्हींसाठी नोंदी मोजणारं लेन वापरा.

एवढ्यावर पुष्कळ निदान होतं. शेवटचा क्रमांक आत आलेल्या नोंदींइतका असेल आणि यादी त्याहून लहान असेल, तर काउंटर गाळणीच्या आधी वाढतोय. पेट्या २१२ आणि नंबर २१९ वाल्या तक्रारीत सात पेट्या वजनात कमी भरल्या म्हणून बाजूला काढलेल्या असतात, पण मोजणी त्यांचीही झालेली असते. शेवटचा क्रमांक यादीपेक्षा बरोबर एकाने कमी असेल तर मोजणी शून्यापासून सुरू झाली आहे. आणि आत आलेल्या नोंदीच अपेक्षेपेक्षा एकाने जास्त असतील तर फाइलची पहिली शीर्षकांची ओळ किंवा तळाशी राहिलेली रिकामी ओळ नोंद म्हणून मोजली गेली. मग काउंटरला दोष देण्यात अर्थ नाही, फाइल वाचतानाच ती ओळ सोडा.

हे तीन आकडे न बघता कोडमध्ये "उणे एक" टाकून गाडी रेटणारे खूप भेटतात. आज जुळतं. उद्या रिकामी ओळ नसलेली फाइल आली की पुन्हा एकाने चूक, या वेळी उलट्या बाजूला.

नव्याने चालवून बघा

ज्युपिटर किंवा तत्सम नोटबुकमध्ये काम करत असाल तर कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल, म्हणजे कोडच्या चौकटी, वरपासून चालवा. काउंटरला शून्य करणारी ओळ एका सेलमध्ये आणि लूप दुसऱ्यात असेल, तर लूपचा सेल दुसऱ्यांदा चालवल्यावर काउंटर जुन्या किमतीपासूनच पुढे जातो. यादीचंही तसंच, जुन्या नोंदींच्या खाली नव्या चिकटतात. शून्य करणं आणि लूप एकाच सेलमध्ये ठेवलं की हा विषय संपतो.

वाढवणारी ओळ नीट वाचा

सी किंवा जावा शिकून पायथनकडे आलेल्यांचा हात आपोआप ++ कडे जातो. पायथनमध्ये हे चिन्हच नाही. "क्रमांक++" लिहिलंत तर सिंटॅक्स एरर येतो, ते बरंच झालं म्हणायचं, कारण निदान कळतं तरी. "++क्रमांक" जास्त वाईट. त्यावर एरर येत नाही. पायथन ते दोन वेळा लावलेलं धन चिन्ह समजतो, किंमत आहे तशीच राहते आणि काउंटर जागचा हलत नाही.

याहून लबाड प्रकार म्हणजे उलटं पडलेलं चिन्ह:

```
क्रमांक =+ १
```

याचा अर्थ "क्रमांकात धन एक ठेव". दर फेरीला एकच. सगळ्या नोंदींवर १ दिसत असेल तर सगळ्यात आधी हे शोधा. बरोबर रूप "क्रमांक += १".

यादीच्या बाबतीत += आणखी एक खेळ करतं. "यादी += क्रमांक" लिहिलं तर टाइप एरर येतो, कारण यादीला += लावलं की उजव्या बाजूला एकेक करून उलगडता येईल असं काहीतरी लागतं. तिथे आकड्याऐवजी शब्द असेल तर एररही येत नाही, शब्दच फुटतो. "यादी += 'सोनाका'" केलं की यादीत सहा नोंदी पडतात: स, ओकार, न, काना, क, काना. एक नोंद घालायची तर अपेंड. आणि "यादी = यादी.अपेंड(...)" असं कधी लिहू नका. अपेंड काहीही परत देत नाही, त्यामुळे यादीच्या जागी नन, म्हणजे "काहीच नाही", येतं आणि पुढच्या फेरीला ॲट्रिब्यूट एरर.

ओळीची जागा

```
क्रमांक = ०
यादी = []
फॉर पेटी इन पेट्या:
    इफ पेटी.वजन < ५:
        कंटिन्यू
    क्रमांक += १
    यादी.अपेंड((क्रमांक, पेटी))
```

यात बघायच्या जागा तीन. "क्रमांक = ०" लूपच्या आत सरकलंय का? मग सगळीकडे १. "क्रमांक += १" लूप संपल्यावर, त्याच्या बाहेर गेलंय का? मग सगळीकडे ०, आणि शेवटी एकदाच वाढ. आणि तीच ओळ कंटिन्यूच्या, म्हणजे ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जाणाऱ्या इफच्या, वर आहे की खाली? वर असेल तर बाजूला काढलेल्या पेट्याही मोजल्या जातात.

व्हाइल लूपमध्ये, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये, हीच कंटिन्यूची चूक स्क्रिप्ट अडकवून ठेवते. एक हलकी पेटी आली, कंटिन्यूने उडी मारली, वाढवणारी ओळ राहून गेली, आणि लूप त्याच पेटीवर गोल गोल फिरत बसतो. यादी भरायला व्हाइल वापरायची गरज फार क्वचित पडते. दिसलं तर आधी फॉर करा.

काय मोजताय?

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गडबड बहुतेकदा कोडच्या आधीच झालेली असते. गाळणीच्या आधीचा क्रमांक आणि नंतरचा क्रमांक ही दोन वेगळी माहिती आहे, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. गेटवर आलेल्या गाड्यांच्या रजिस्टरमधला क्रमांक हवा असेल तर त्यात मधले क्रमांक गळणारच. १७ नंबरची गाडी माल नापास होऊन परत गेली तर १८ नंबर १८ च राहिला पाहिजे, नाहीतर रजिस्टर उघडून शोधायचं कसं? भरलेल्या पेटीवरचा क्रमांक मात्र सलग हवा, कारण लोड करताना माणूस तोच बघून मोजतो.

म्हणून "क्रमांक तुटतोय, दुरुस्त करा" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, हा नंबर पुढे कोण वाचणार? बऱ्याचदा उत्तर निघतं की दोन्ही हवेत. मग एका काउंटरवर दोघांचं ओझं न टाकता दोन रकाने ठेवा.

आता हाताने काउंटर वाढवणंच बंद करू. एन्युमरेट हे काम पायथन २.३ पासून, म्हणजे २००३ पासून करतंय:

```
फॉर क्रमांक, पेटी इन एन्युमरेट(पेट्या, स्टार्ट=१):
```

स्टार्ट दिला नाही तर मोजणी शून्यापासून होते. फायदा ओळ वाचल्याचा नाही. वाढवायला विसरणं, चुकीच्या जागी वाढवणं, दोनदा वाढवणं, या तिन्ही शक्यताच उरत नाहीत. पण गाळणीचा प्रश्न एन्युमरेट स्वतःहून सोडवत नाही:

```
[(क्र, पे) फॉर क्र, पे इन एन्युमरेट(पेट्या, १) इफ पे.वजन >= ५]
```

इथे मोजणी आधी होते, गाळणी नंतर, म्हणून क्रमांक तुटक येतात. सलग हवे असतील तर क्रम उलटा करा. आधी गाळा, मग मोजा:

```
चांगल्या = [पे फॉर पे इन पेट्या इफ पे.वजन >= ५]
यादी = [(क्र, पे) फॉर क्र, पे इन एन्युमरेट(चांगल्या, १)]
```

दोन ओळी झाल्या म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. काय मोजलंय हे दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला कळतं.

एन्युमरेटची एक खोड माहीत हवी: त्याची मोजणी एकदाच वापरता येते. "मोजलेल्या = एन्युमरेट(चांगल्या, १)" करून तपासणीसाठी त्याची यादी प्रिंट केली आणि मग त्याच नावावर लूप लावला, तर लूपला काहीच मिळत नाही. स्क्रीनवर यादी आणि फाइल रिकामी, हे लक्षण बहुतेकदा इथून येतं. पुन्हा पुन्हा लागणार असेल तर आधी लिस्टमध्ये उतरवून ठेवा.

वाणानुसार वेगळे क्रमांक हवे असतील, म्हणजे थॉम्सनच्या पेट्या १ पासून, शरदच्या पुन्हा १ पासून, तर लूपच्या आत लूप घालून काउंटर शून्य करत बसू नका. पेट्या टेबलावर मिसळून येतात, वाण बदलला की शून्य करणारा कोड दर अदलाबदलीला नव्याने सुरुवात करतो. त्याऐवजी दर नव्या नावाची मोजणी आपोआप शून्यापासून सुरू करणारं डिफॉल्टडिक्ट(इंट) घ्या आणि "मोजणी[वाण] += १" करा, दर वाणाचा काउंटर आपापला चालतो. तरीही एकाच वाणाचे दोन काउंटर दिसले तर नावं बघा. एका ठिकाणी "थॉम्सन", दुसरीकडे "थॉमसन", तिसरीकडे मागे एक रिकामी जागा. रिकामी जागा स्ट्रिप काढून टाकतं, स्पेलिंग मात्र माणसानेच बसून एक करावं लागतं.

एका ओळीतल्या यादीत काउंटर

लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये, म्हणजे चौकटी कंसात एका ओळीत बनणाऱ्या यादीत, += चालत नाही. सिंटॅक्स एरर येतो आणि लोक कंस मोजत बसतात. कंस ठीक असतात. पायथनमध्ये += हे पूर्ण विधान आहे, त्यातून किंमत निघत नाही; आणि कॉम्प्रिहेन्शनच्या आत फक्त किंमत देणाऱ्या गोष्टी बसतात. एन्युमरेटने भागत असेल तर इथेच थांबा. नसेल भागत, उदाहरणार्थ एकच मोजणी दोन-तीन याद्यांतून पुढे न्यायची असेल, तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट वॉलरस, म्हणजे नावात किंमत ठेवून तीच किंमत परतही देणारं := हे चिन्ह. ते २०१९ मध्ये पायथन ३.८ सोबत आलं. त्यावरचा वाद इतका पेटला होता की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम अंतिम निर्णयाच्या भूमिकेतून बाजूला झाले.

```
न = ०
यादी = [((न := न + १), पे) फॉर पे इन पेट्या इफ पे.वजन >= ५]
```

हे चालतं, आणि अट आधी तपासली जात असल्याने क्रमांक सलग येतात. पण इथला "न" कॉम्प्रिहेन्शनच्या बाहेरचा आहे, बाहेर त्याची किंमत बदललेली राहते. पायथनच्या क्लासच्या थेट अंगात, म्हणजे त्या क्लासमधल्या कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, हेच लिहिलं तर सिंटॅक्स एरर. ३.८ पेक्षा जुन्या पायथनवरही सिंटॅक्स एरर. पॅकहाऊसमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे भेटतं. मला स्वतःला ही वाट आवडत नाही. यादी बनवणाऱ्या ओळीने गुपचूप दुसरं काही बदलू नये.

दुसरी वाट पायथनसोबतच येणाऱ्या इटरटूल्समधलं काउंट. "मोजणी = काउंट(१)" करायचं आणि दर वेळी "नेक्स्ट(मोजणी)" म्हणायचं. हे टोकनच्या गड्डीसारखं आहे, फाडलेलं टोकन परत चिकटत नाही. त्यामुळे १, ३, ५ हे लक्षण दिसलं की नेक्स्ट दोनदा बोलावलं गेलंय हे नक्की: एकदा यादीसाठी, आणि एकदा कुणीतरी तपासायला म्हणून टाकलेल्या प्रिंटमध्ये. नेक्स्ट एकदा बोलवा, आलेला आकडा नावात ठेवा, मग ते नाव हवं तिथे वापरा.

दुसरी यादी सुरू होताना एकच क्रमांक गळतो, या लक्षणाने भलेभले चक्रावतात. कारण दोन गोष्टींच्या नोंदी जोडीजोडीने देणाऱ्या झिपमध्ये असतं:

```
सकाळ = लिस्ट(झिप(मोजणी, सकाळच्या_पेट्या))
दुपार = लिस्ट(झिप(मोजणी, दुपारच्या_पेट्या))
```

झिप डावीकडून सुरुवात करतो. सकाळच्या ८० पेट्या संपल्यावर पुढच्या फेरीत तो आधी मोजणीकडून ८१ घेतो, मग पेटी मागतो, पेटी नसते, म्हणून थांबतो. ८१ हातात आला तो वाया गेला. दुपारची यादी ८२ पासून. उपाय एवढाच की क्रम बदला, पेट्या आधी आणि मोजणी नंतर: झिप(सकाळच्या_पेट्या, मोजणी). आता पेट्या संपल्या की मोजणीकडे हात जातच नाही. जोडीतला क्रम उलटा होतो, तेवढं पुढच्या कोडमध्ये सांभाळा.

चौकटी कंसाऐवजी साधे कंस पडले तर यादी बनतच नाही, जनरेटर बनतो. मग क्रमांक ओळ लिहिली तिथे न पडता वाचायची वेळ येईल तेव्हा पडतात. मधे दुसऱ्या कोणी त्याच मोजणीतून नेक्स्ट घेतलं तर ते आकडे मधूनच गायब. कंसाचा आकार बघा, बस.

सगळ्या नोंदी शेवटच्यासारख्या

यादीतल्या प्रत्येक नोंदीवर शेवटचाच क्रमांक दिसत असेल तर मोजणी बरोबर चालली आहे, नोंद चुकीची साठवली जातेय. लूपच्या बाहेर एकच डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्यांची नोंद) बनवली, दर फेरीला तिच्यात नवा क्रमांक लिहिला आणि तीच अपेंड केली, तर यादीत २१२ नोंदी नसतात. एकाच डिक्शनरीकडे बोट दाखवणाऱ्या २१२ जागा असतात. डिक्शनरी लूपच्या आत, दर फेरीला नवी बनवा. रिकाम्या ओळी गुणाकाराने बनवल्या असतील, "[[०] * ३] * ४" अशा, तर तिथेही चारही ओळी एकच असतात.

फंक्शनमध्ये गेल्यावर

```
क्रमांक = ०
यादी = []
डेफ नोंदव(गाडी):
    क्रमांक += १
    यादी.अपेंड((क्रमांक, गाडी))
```

यावर अनबाउंड लोकल एरर येतो. फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली की पायथन ते नाव त्या फंक्शनचं स्थानिक मानतो; मग वाढवायला गेल्यावर आत किंमतच नसते. गोंधळ वाढतो तो यादीमुळे. ती याच फंक्शनमध्ये बिनबोभाट चालली असती, कारण अपेंड नावाला नवी किंमत देत नाही, असलेल्या यादीत भर घालतो.

"बाहेरचंच नाव वापर" असं सांगणारं ग्लोबल लिहून काम भागतं आणि दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये मी ते चालवून घेतो. फंक्शनच्या आत फंक्शन असेल तर नॉनलोकल. स्क्रिप्ट मोठी असेल तर क्रमांक आत पाठवा आणि वाढलेला क्रमांक रिटर्न करून घ्या. नुसता आत पाठवून पुरत नाही. आकडा आतल्या आत बदलता येत नाही, त्यामुळे बाहेरचा क्रमांक जसाच्या तसा राहतो.

"डेफ नोंदव(गाडी, यादी=[])" असं कुठे दिसलं तर तेही बदला. ती रिकामी यादी फंक्शन बनताना एकदाच तयार होते आणि दर वेळी तीच वापरली जाते, म्हणून सकाळच्या गाड्या दुपारच्या यादीत दिसतात. डिफॉल्ट नन ठेवा आणि आत नवी यादी बनवा.

लूप चालू असताना यादीला हात

ज्या यादीवर लूप चालू आहे तिच्यातूनच रिमूव्ह करू नका. एक नोंद काढली की मागच्या सगळ्या एक घर पुढे सरकतात, लूप मात्र आपल्या गतीने पुढच्या घरात जातो, आणि मधली नोंद तपासायची राहते. दोन खराब पेट्या लागोपाठ असल्या की दुसरी हमखास सुटते. त्याच यादीत अपेंड करत राहिलात तर लूप संपतच नाही. नवी यादी बनवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

वरचं सगळं घरी, लॅपटॉपवर, फाइलची नक्कल घेऊन करता येतं. खालच्या ठिकाणी स्वतः हात घालू नका.

क्रमांक छापून बाहेर गेला असेल तर. पावतीवर, पेटीच्या लेबलवर किंवा शेतकऱ्याच्या हातात गेलेला क्रमांक म्हणजे नोंद झाली. यादी पुन्हा चालवून तो "सरळ" केला तर कागद एक सांगतो आणि कॉम्प्युटर दुसरं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ग्रेपनेट प्रणालीवर ठेवला जातो. त्या मालाच्या लेबलवरचे क्रमांक घरच्या स्क्रिप्टने बदलू नका, पॅकहाऊसमध्ये ते काम बघणाऱ्याला विचारा.

बिलाचा क्रमांक असेल तर. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधल्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इनव्हॉइसचा क्रमांक सलग, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव लागतो. ताज्या द्राक्षांवर कर नसला तरी बिल ऑफ सप्लायलाही नियम ४९ खाली सलग क्रमांक आहेच. मधला क्रमांक गळला किंवा क्रमांक दोनदा गेला तर आधी सीएला फोन, मग कोड.

दोन माणसं किंवा दोन कॉम्प्युटर एकाच वेळी क्रमांक देत असतील तर. += दिसायला एक पाऊल आहे, आत तीन आहेत: किंमत वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच स्क्रिप्टमध्ये सोबत चालणाऱ्या दोन कामांनी, एकाच वेळी २१२ वाचला तर दोघंही २१३ लिहितात. दोन वेगळ्या प्रोसेस, म्हणजे वेगवेगळ्या चालवलेल्या स्क्रिप्ट, असतील तर प्रत्येकीचा काउंटरच वेगळा. थ्रेडचं लॉक एका प्रोसेसपुरतंच काम करतं, आणि टाइम स्लीपने थोडं थांबवून हे बरं झाल्यासारखं वाटतं पण गर्दीच्या दिवशी पुन्हा उगवतं. क्रमांक देण्याचं काम डेटाबेसकडे जायला हवं, आणि तेही जाणकाराकडून. कारण पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची क्रमांक देणारी सीक्वेन्ससुद्धा व्यवहार मागे घेतला की क्रमांक सोडून पुढे जाते. सलगता हवी असेल तर तिची वेगळी रचना करावी लागते.

आणि तीन आकडे प्रिंट करूनही दर वेळी वेगळे येत असतील, फाइल तीच असताना, तर थांबाच. ती काउंटरची चूक राहिलेली नाही.

माणूस बोलवायच्या आधी एवढं हाताशी ठेवा: मूळ फाइलची न बदललेली प्रत, पायथनची आवृत्ती, एररचा पूर्ण मजकूर फोटो न काढता कॉपी करून, आणि दहा-बारा ओळींची अशी छोटी फाइल जिच्यावर चूक पुन्हा दिसते. त्या नमुन्यातून शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि बँकेचे तपशील काढून तिथे काहीही बनावट भरा, आणि भरल्यावर एकदा चालवून बघा, चूक अजून तशीच दिसतेय ना.